अणुभट्टीसाठी माल बनवायचाय? मशीनच्या आधी नोंदी लावा

भोसरी, सातपूर, शिरोली किंवा कुपवाडच्या एखाद्या शॉपमध्ये चार-पाच सीएनसी, एक-दोन व्हीएमसी, हात बसलेला टिग वेल्डर आणि आयएसओ ९००१चं सर्टिफिकेट असेल, तर अणुऊर्जा प्रकल्पाला लागणाऱ्या बऱ्याच मालासाठी तेवढी यंत्रं पुरतात. अडतं ते दुसरीकडे. मोटारीच्या कारखान्याला लाखभर नग लागतात आणि त्यातले चार वाईट निघाले तर बदलून देता येतात. अणुभट्टीला कधी चाळीस नग लागतात, कधी चारच. पण त्यातला प्रत्येक नग कुठल्या हीटच्या, म्हणजे पोलादाच्या कुठल्या ओतीव घाण्याच्या, सळईतून कापला, कुणी वेल्ड केला, कुठल्या गेजने मोजला आणि ते गेज शेवटचं कधी कॅलिब्रेट झालं, हे तीस वर्षांनीही सांगता आलं पाहिजे. भट्टी सुरू झाली की त्यातल्या कित्येक भागांजवळ माणूस सहज जाऊ शकत नाही. तिथे शंका आली, तर उत्तर कागदातूनच काढावं लागतं.

म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्याने पहिला पैसा नव्या मशीनवर घालू नये. आधी नोंदी, वेल्डिंगची पात्रता आणि मालाची ओळख टिकवण्याची शिस्त बसवावी. ती बसली की मशीन ऑर्डरच्या जोरावर घेता येतं. उलट क्रमाने गेलेल्यांची यंत्रं हप्ते भरत उभी राहतात.

काम कुठे आहे

देशात सध्या सर्वाधिक काम ७०० मेगावॉटच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या पीएचडब्ल्यूआर भट्ट्यांचं आहे. गुजरातेत काक्रापारची तिसरी व चौथी आणि राजस्थानात रावतभाट्याची सातवी भट्टी याच घडणीच्या. मे २०१७मध्ये केंद्र सरकारने याच घडणीच्या आणखी दहा भट्ट्यांना एकदम मंजुरी दिली: कर्नाटकातलं कैगा, हरियाणातलं गोरखपूर, मध्य प्रदेशातलं चुटका आणि राजस्थानातलं माही बांसवाडा. पुरवठादाराच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट म्हणजे ड्रॉइंग तेच राहतं. पहिल्या ऑर्डरला प्रोसिजर, जिग आणि चाचण्यांवर झालेला खर्च पुढच्या ऑर्डरमध्ये वसूल होण्याची शक्यता असते. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॉटचं उद्दिष्ट जाहीर झालं; आजची क्षमता साधारण ८.८ गिगावॉट आहे.

एका ७०० मेगावॉट भट्टीत काय काय असतं, ते पाहा. ३९२ आडवे कूलंट चॅनल, म्हणजे इंधन ठेवायच्या आणि त्याची उष्णता वाहून नेणारं जड पाणी खेळवायच्या नळ्या. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक एंड फिटिंग, म्हणजे ७८४ एंड फिटिंग. प्रत्येक टोकाला जड पाणी आणणारा किंवा नेणारा एक फीडर पाइप, म्हणजे ७८४ फीडर. चार स्टीम जनरेटर, चार मुख्य कूलंट पंप. चॅनलमधली झिर्कोनियम-नायोबियमची प्रेशर ट्यूब हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनते, तिकडे बाहेरच्याने बघायचं कारण नाही. स्टीम जनरेटर, एंड शील्ड अशा अवजड वस्तू एल अँड टी, भेल, विक्रोळीची गोदरेज, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर अशा मोजक्या ठिकाणी होतात. पण या सगळ्याभोवती व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर, टाक्या, पाइप सपोर्ट, काँक्रीटमध्ये गाडायच्या एम्बेडेड प्लेट, केबल ट्रे, डक्ट, पॅनल, फास्टनर यांचा डोंगर असतो, आणि लहान-मध्यम शॉपची जागा तिथे आहे.

खरेदीचं मुख्य दार म्हणजे मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेलं न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआयएल. भाभा अणुसंशोधन केंद्र, हेवी वॉटर बोर्ड यांचीही स्वतंत्र खरेदी असते. तिसरं दार, आणि नवख्यासाठी बहुधा सगळ्यात सोपं, म्हणजे वर सांगितलेल्या मोठ्या कंपन्यांचं उपकंत्राट. त्यात एक मेख आहे. मुख्य ऑर्डरमधलं काम परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. ऑफलोडिंगसाठी ग्राहकाची लेखी मंजुरी लागते आणि तुमच्या शॉपची पाहणीही होऊ शकते. हाच नियम तुमच्यावरही आहे. तुम्ही हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग शेजारच्या गाळ्यात करून घेत असाल, तर ते नाव आधीच यादीत घाला. मागाहून कळलं तर तयार माल अडकतो.

कुठल्या पायरीने चढायचं

अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, भट्टीतल्या यंत्रणांचे सुरक्षिततेनुसार चार वर्ग केले आहेत. ढोबळमानाने, प्राथमिक कूलंटचा दाब धरून ठेवणारे भाग पहिल्या वर्गात. भट्टी थांबल्यावर उरलेली उष्णता काढणाऱ्या यंत्रणा दुसऱ्यात. त्यांना मदत करणाऱ्या तिसऱ्यात. बाकी थोडंफार सुरक्षिततेशी जोडलेलं चौथ्यात. त्याबाहेर उरतं ते सुरक्षिततेशी संबंध नसलेलं. याशिवाय भूकंपाची वर्गवारी वेगळी असते: मोठ्या भूकंपातही कुठला सपोर्ट, कुठला अँकर बोल्ट शाबूत राहिलाच पाहिजे, ते तिच्यावरून ठरतं.

वर्ग जितका वरचा, तितक्या चाचण्या आणि साक्षी जास्त. आमचा स्पष्ट सल्ला असा, की पहिली ऑर्डर चौथ्या वर्गातली किंवा त्याही खालची घ्यावी आणि ती तिसऱ्या वर्गाची आहे असं समजून करावी. नफा कमी होईल. पण पुढच्या टेंडरमध्ये 'यापूर्वी असा माल पुरवला आहे का' हा प्रश्न येतोच, आणि तेव्हा दाखवायला पूर्ण फाइल हाताशी असते.

खालच्या वर्गातलं काम म्हणजे दुय्यम काम, असा समज मात्र करून घेऊ नये. ३१ मार्च १९९३ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये जे झालं, ते टर्बाइनच्या बाजूला सुरू झालं. शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली, रोटर असंतुलित होऊन हादरला, जनरेटरचे सील गेले, हायड्रोजन बाहेर येऊन पेटला आणि आग केबलवरून पसरत गेली. युनिटची वीज सुमारे १७ तास नव्हती. भट्टी थंड ठेवण्यात कर्मचाऱ्यांना यश आलं, पण केबलचे मार्ग वेगळे ठेवणं, आग अडवणारे अडथळे आणि कमी धुराच्या, आग न पसरवणाऱ्या केबल यांचं महत्त्व त्यानंतर नव्याने अधोरेखित झालं. केबल ट्रे बनवणाऱ्याने ही घटना माहीत करून घ्यावी.

क्यूएपी: सगळ्याचा कणा

क्यूएपी, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स प्लॅन, हा एक तक्ता असतो. डावीकडे कामाचे टप्पे: कच्चा माल, कटिंग, फिट-अप, वेल्डिंग, हीट ट्रीटमेंट, मशीनिंग, चाचणी, सफाई, पॅकिंग. पुढच्या रकान्यांत प्रत्येक टप्प्याला काय तपासायचं, किती नगांवर, कुठल्या मानकाप्रमाणे, स्वीकाराची मर्यादा काय आणि नोंद कुठल्या फॉर्मवर. शेवटी कोण करणार, कोण प्रत्यक्ष पाहणार आणि कोण फक्त कागद तपासणार. हा तक्ता मंजूर झाल्याशिवाय धातूला हात लावायचा नाही.

काही टप्प्यांवर होल्ड पॉइंट असतो. तिथे ग्राहकाच्या इन्स्पेक्टरची सही होईपर्यंत काम पुढे नेता येत नाही. नवख्या शॉपची पहिली मोठी चूक इथेच होते: इन्स्पेक्टर दोन दिवसांनी येणार, कामगार रिकामे, म्हणून रूट पासवर, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरावर, पुढचे पास घातले जातात. वेल्ड कदाचित उत्तम असेल. पण रूटची पेनिट्रंट चाचणी, म्हणजे रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधणं, आता होऊ शकत नाही, आणि मग तो जोड कापून पुन्हा करणं किंवा माल नाकारला जाणं एवढंच उरतं. यावर उपाय नियोजनाचा आहे. एकाच ऑर्डरचे नग पुढे-मागे टप्प्यांवर ठेवा, म्हणजे एक अडला तरी दुसऱ्यावर काम चालतं. इन्स्पेक्शन कॉल देताना आपली अंतर्गत तपासणी आधी पूर्ण करून तिचा रिपोर्ट जोडा. माल तयार नसताना बोलावलेला इन्स्पेक्टर परत गेला, की पुढची तारीख मिळेपर्यंत दिवस जातात आणि विश्वासही जातो.

धातूपासून सुरुवात

कच्च्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मिलचं हवं, दुकानदाराच्या लेटरहेडवर उतरवलेलं नको. माल आला की सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि सळईवरचा पंच जुळवा, मगच उतरवून घ्या. स्वतःचा नमुना एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. बऱ्याच ऑर्डरमध्ये ही चेक टेस्ट बंधनकारकच असते.

आता कापणी. सळई कापायच्या आधी हीट नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवायचा. नंतर नाही. कापून टेबलावर सहा सारखे तुकडे पडले आणि दोनच तुकड्यांवर नंबर आहे, तर उरलेले चार कितीही चांगले असले तरी त्या ऑर्डरपुरते भंगार. या एका कारणाने वाया जाणारा माल पाहिला की जीव हळहळतो, कारण पंच मारायला मिनिटभर पुरतं. पंच गोल टोकाचा, कमी ताण देणारा वापरा. धारदार पंचाची खूण स्वतःच तड्याची सुरुवात होऊ शकते.

स्पेसिफिकेशनमध्ये कोबाल्टची मर्यादा दिसेल. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेलबरोबर थोडा कोबाल्ट येतोच. गंजाचे सूक्ष्म कण कूलंटबरोबर गाभ्यात जातात, न्यूट्रॉनचा मारा बसतो आणि साध्या कोबाल्टचा कोबाल्ट-६० होतो. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. ते कण पाइपांत बसतात आणि पुढे देखभालीला आत जाणाऱ्या माणसाच्या अंगावर किरणोत्सार पडतो. म्हणून नेहमीच्या ३१६एल ग्रेडच्या स्टेनलेसपेक्षा हा कमी कोबाल्टचा माल महाग पडतो. ऑफर भरताना बाजारभावाने ३१६एल धरला, तर पहिल्याच ऑर्डरला खोट बसते.

वेल्डिंग

एएसएमई, म्हणजे अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या, कोडमधल्या सेक्शन ९प्रमाणे वेल्डिंग प्रोसिजर, तिची चाचणी आणि वेल्डरची पात्रता असे तीन कागद लागतात. वेल्डरने ती प्रक्रिया सहा महिने वापरली नाही, तर त्याची पात्रता संपते. त्यामुळे कुणी, कधी, कुठल्या प्रक्रियेने वेल्ड केलं याचं रजिस्टर ठेवा. तपासणीला येणारा माणूस ते हमखास मागतो. फिलर वायर, गॅस, जाडीची मर्यादा यातला एखादा महत्त्वाचा घटक बदलला, तर प्रोसिजर नव्याने सिद्ध करावी लागते. 'तीच वायर आहे, फक्त ग्रेड वेगळा' हे चालत नाही.

ऑस्टेनिटिक, म्हणजे ३१६एलसारख्या, स्टेनलेसच्या वेल्डमध्ये थोडं फेराइट (लोखंडाची चुंबकीय स्फटिकरचना) हवं, नाहीतर थंड होताना गरम तडे जातात. एएसएमई सेक्शन ३मध्ये फिलरसाठी किमान फेराइट नंबर ५ सांगितला आहे. दोन पासमधलं तापमान प्रोसिजरमधल्या मर्यादेतच ठेवा, आणि ते मोजा. हाताने अंदाज नको. टिगच्या रूटला मागून आर्गॉन पर्ज द्या, म्हणजे आतली हवा आर्गॉन वायूने हटवा, नाहीतर आतली बाजू करपते आणि ती पाइपच्या आत असल्याने बाहेरून दिसतही नाही. लो-हायड्रोजन रॉड उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे भाजा, ओव्हनची नोंद ठेवा, उरलेले रॉड परत घेतल्याचीही नोंद ठेवा.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट: न विचारता केलेली दुरुस्ती. मशीनिंगमध्ये एक खड्डा पडला, वेल्डरने दोन टाके मारून घासून टाकला. इतर उद्योगांत कुणी ते हुशारी म्हणेल. इथे तो विश्वासघात धरला जातो आणि त्यात काही वावगं नाही, कारण त्या दोन टाक्यांभोवतीची धातूची अवस्था कुणालाच ठाऊक नसते. चूक झाली की नग बाजूला काढा, लाल टॅग लावा, नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट भरा आणि ग्राहकाला कळवा. आहे तसा वापरायचा, दुरुस्त करायचा की नाकारायचा, हे डिझाइन करणारा ठरवेल. तपासणीला आलेल्यांना वर्षभरात एकही रिपोर्ट नसलेलं शॉप संशयास्पद वाटतं. दहा रिपोर्ट असलेलं आणि दहाही नीट बंद केलेलं शॉप भरवशाचं वाटतं.

स्वच्छता, जिकडे कुणाचं लक्ष नसतं

स्टेनलेसचं काम कार्बन स्टीलपासून वेगळ्या जागेत करा. मधे पडदा नव्हे, भिंत असेल तर उत्तम. ग्राइंडिंग व्हील आणि वायर ब्रश फक्त स्टेनलेससाठीचे, रंगाने ओळखता येतील असे ठेवा. साध्या लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतले की तिथून गंज सुरू होतो.

क्लोराइड हा दुसरा शत्रू. ताण, उष्णता आणि क्लोराइड एकत्र आले की ऑस्टेनिटिक स्टेनलेसला ताण-गंजाचे तडे जातात. मार्कर पेन, चिकटपट्टी, पीव्हीसीची टोपी, कामगाराच्या घामाचे हात, बोअरवेलचं पाणी, सगळीकडून क्लोराइड येतो. पेनिट्रंट चाचणीच्या रसायनांत अशा मालासाठी क्लोरीन-फ्लोरीन मिळून वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त नको, असं एएसएमई सेक्शन ५ सांगतं. बॅचचं सर्टिफिकेट मागून घ्या. हायड्रोटेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, डीएम (क्षार काढलेलं) पाणी वापरा आणि नंतर पूर्ण सुकवा. कोकणात किंवा पावसाळ्यात माल पडून राहणार असेल, तर तोंडं बंद करून आत कोरडा नायट्रोजन भरण्याची सोय करा.

जड पाण्याच्या वाटेवरच्या भागांना हेलियम लीक टेस्ट लागते. जड पाणी अतिशय महाग, आणि भट्टीत राहून त्यात किरणोत्सारी ट्रिशियम तयार होतो. म्हणून साध्या साबणाच्या फेसाने न दिसणारी गळतीही तिथे चालत नाही. या चाचणीचं यंत्र विकत घेण्याआधी ती बाहेरून करून घेता येते का, ते पाहा.

खोटा कागद

२०१२मध्ये दक्षिण कोरियात फ्यूज, स्विच, कूलिंग फॅन अशा किरकोळ वाटणाऱ्या भागांची गुणवत्ता-प्रमाणपत्रं बनावट निघाली आणि योंगवांगच्या दोन भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. २०१३मध्ये कंट्रोल केबलच्या चाचण्यांचे निकाल खोटे निघाले, आणखी भट्ट्या थांबल्या. फ्रान्समध्ये २०१६मध्ये ल क्रूझो इथल्या फोर्जच्या जुन्या फाइलींत गडबडी सापडल्या आणि कित्येक वर्षांपूर्वी बसवलेल्या भागांची फेरतपासणी करावी लागली.

तुमच्या शॉपमध्ये कुणी मुद्दाम खोटं करत नसेल. पण बनावट बेअरिंग, नकली ब्रँडचे बोल्ट आणि फोटोकॉपीवर हीट नंबर बदललेलं सर्टिफिकेट तुमच्या दुकानदाराकडून आत येऊ शकतं. सर्टिफिकेट मिळालं की मिलला ईमेल करून खात्री करा. बोल्ट अधिकृत वितरकाकडूनच घ्या. 'सर्टिफिकेट नंतर देतो' म्हणणाऱ्याचा माल गेटवरच थांबवा.

परदेशी ग्राहक आणि इलेक्ट्रिकल माल

अमेरिकी साखळीत एएसएमईचं एनक्यूए-१ हे गुणवत्ता-हमीचं मानक लागतं. त्यात १८ कलमं आहेत आणि ती तिथल्या नियामकाच्या १८ निकषांवरच बेतलेली आहेत. फ्रेंच साखळीत डिझाइनचा कोड आरसीसी-एम, आणि पुरवठादारांसाठी आयएसओ १९४४३ची मागणी वाढते आहे. २०१८चं हे मानक म्हणजे आयएसओ ९००१वर सुरक्षितता संस्कृती, बनावट मालाविरुद्धची व्यवस्था आणि महत्त्वानुसार कमी-जास्त काटेकोरपणा यांची भर. ९००१ खरोखर पाळणाऱ्याला १९४४३ची तयारी झेपते. फक्त भिंतीवर लावणाऱ्याला नाही.

इलेक्ट्रिकल वस्तूंचं गणित निराळं. भट्टीच्या इमारतीत बसणाऱ्या केबल, टर्मिनल, सेन्सरला उष्णतेने कृत्रिम वार्धक्य, किरणोत्साराचा डोस, भूकंपाचा शेक टेबल आणि अपघातातली वाफ अशा चाचण्या ओळीने द्याव्या लागतात. चाचणीनंतर नमुना वापरता येत नाही आणि प्रयोगशाळेची तारीख लवकर मिळत नाही. टेंडरमधली मुदत पाहूनच यात पडा.

पैसा आणि कायदा

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणाचा फायदा मिळतो: टेंडर फी आणि बयाणा रक्कम माफ, आणि तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो दर स्वीकारून ऑर्डरचा ठरावीक हिस्सा घेण्याची संधी. वेळेत पैसे न मिळाल्यास एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे, पण तिचं घड्याळ माल स्वीकारल्यापासून धावतं. इन्स्पेक्शन लांबलं की पैसेही लांबतात. ऑर्डर दीड-दोन वर्षं चालणार असेल तर भाववाढीचं कलम आहे का ते पाहा. निकेल चढलं की स्टेनलेस चढतं. उशिराच्या दंडाचं कलम वाचताना, ग्राहकाच्या मंजुरीला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात का, हे टेंडरपूर्व बैठकीत लेखी विचारा.

२०१०च्या अणुदायित्व कायद्यातल्या १७(ख) कलमामुळे सदोष मालासाठी पुरवठादारावर दावा येऊ शकत होता आणि छोटे उद्योजक त्याला घाबरून असत. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने संमत केलेल्या शांती कायद्याने तो कायदा बाजूला केला आणि पुरवठादारावरची ती तरतूद वगळली. करारात लिहून दिलेली जबाबदारी मात्र कायम असते, म्हणून ऑर्डरवर सही करण्याआधी तेवढं पान वकिलाला दाखवा.

शेवटची फाइल

मालाबरोबर हिस्ट्री डॉकेट जातं: मंजूर ड्रॉइंग, सही झालेला क्यूएपी, मटेरियल सर्टिफिकेट, वेल्ड मॅप, वेल्डरांची पात्रता, एक्स-रे फिल्म, मापांचे तक्ते, हायड्रो आणि लीक टेस्टचे रिपोर्ट, बंद झालेले नॉन-कन्फॉर्मन्स, गेजचे कॅलिब्रेशन. ते शेवटच्या आठवड्यात जमवायला बसलं की एखादा कागद सापडत नाही आणि माल गाडीत चढत नाही. पहिल्या दिवशीच बॉक्स फाइल उघडा, पुढे अनुक्रमणिका लावा आणि टप्पा संपेल तसा कागद आत घाला. थर्मल कागदावरच्या प्रिंट पुसट होतात, त्यांची लगेच प्रत काढा. एक संच ग्राहकाला, एक स्वतःकडे, स्कॅन केलेला तिसरा दुसऱ्या इमारतीत. एक्स-रे फिल्म कोरड्या कपाटात उभ्या ठेवा. पावसाळ्यात ओलीने त्या एकमेकींना चिकटतात.